सायकलवाल्यांचा रस्ता

शिवणकामाचा टेप घेऊन भर रस्त्यात ओणवे होण्याचा प्रसंग माझ्यावर एकसष्टाव्या वर्षी आला. पुण्यातल्या आमच्या सोसायटीसमोरून जाणाऱ्या सायकल मार्गाच्या तोंडाशी तीन लोखंडी खांब रोवलेले आहेत. मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून ते रोवले, असे सांगतात. पहिल्या आणि दुसऱ्या खांबांमधले अंतर तेवीस इंच भरले. तिसरा खांब कुणाच्या तरी टेम्पोने कललेला असल्यामुळे तिथे वर एक माप येत होते आणि खाली दुसरे. घरी येऊन सायकलचे हँडल मोजले, तर ते साडेबावीस इंच. म्हणजे दोन्ही मुठींच्या बाजूला पाव पाव इंच जागा ठेवून, खाली उतरून, सायकल हातात धरून आणि जीव मुठीत धरून मला सायकल मार्गात प्रवेश करता येतो. स्कूटरवाल्याला यातले काहीच करावे लागत नाही. शेजारच्या बंगल्याची मोटार आत घेण्यासाठी जो उतार केलेला आहे, त्यावरून तो थेट मार्गावर चढतो आणि पुढच्या चौकातला सिग्नल चुकवून निघून जातो.

हा उपद्व्याप करायला कारण घडले ते एका निवेदनाचे. आमच्या आणि शेजारच्या तीन सोसायट्यांनी मिळून ते तयार केले होते. ‘सदर सायकल मार्गाचा वापर शून्य असल्याने तो काढून टाकण्यात यावा व त्या जागी रस्तारुंदीकरण अथवा वाहनतळाची सोय करण्यात यावी’, असे त्यात लिहिले होते आणि खाली सह्यांसाठी रकाने आखलेले होते. सेक्रेटरी स्वतः वर आले. “काकू, तुमची सही झाली तर निवेदनाला वजन येईल,” ते म्हणाले. “या बिल्डिंगमध्ये सायकल चालवणाऱ्या तुम्ही एकट्याच, आणि तुम्हीसुद्धा त्या मार्गावरून कधी जात नाही.” हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटले नव्हते, आणि ते खरे होते. निवृत्तीनंतर पुन्हा सायकल घेतली तेव्हापासून मंडई, बँक, वाचनालय अशी माझी सगळी ये-जा मी मुख्य रस्त्याच्या डाव्या कडेने करते. सायकल मार्ग माझ्या डाव्या हाताला चार पावलांवर असतो आणि मी त्याच्याकडे बघतही नाही. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

हा वाद काही आमच्या चार सोसायट्यांपुरता नाही. २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातले सायकल मार्ग काढून तिथे मोटारींसाठी जादा मार्गिका करायचे एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, ठरवले, आणि ते काढण्याचाच खर्च सुमारे २५ कोटी रुपये सांगितला गेला. हे मार्ग एमएमआरडीएनेच चौदा-पंधरा वर्षांपूर्वी बांधले होते. त्या बातमीखाली मुंबईकरांचे जे म्हणणे छापून येत होते, त्यातला शब्दही हाच होता, की वापर शून्य. मला वांद्रे-कुर्ला संकुल माहीत आहे ते नोकरीत असताना बैठकांसाठी जावे लागे म्हणून. वांद्र्याला किंवा कुर्ल्याला लोकलमधून उतरायचे, स्थानकाबाहेरच्या गर्दीत शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहायचे आणि उरलेले दोन-तीन किलोमीटर घाम पुसत जायचे. सायकलसाठी याहून योग्य अंतर शोधून सापडायचे नाही. मार्ग मात्र होते ते संकुलाच्या आत. स्थानकातून बाहेर पडलेला माणूस सायकलवर बसून संकुलापर्यंत सुखरूप पोहोचेल, अशी सलग सोय झाली नाही. विहिरीला पाणी आहे आणि रहाटाला दोर नाही, असा तो प्रकार होता. आणि कुणी पाणी काढत नाही म्हणून आता विहीर बुजवायची.

माझे वडील सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात. पँटला दोन क्लिपा, कॅरियरला डबा, आणि पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत येणारा बरसातीचा कोट. त्यांच्या सायकलला पत्र्याचा एक बिल्ला होता. त्या काळी सायकलवर कर असे आणि तो भरल्याची ती खूण होती. रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडून देत, डबलसीट दिसले की उतरवत. या सगळ्याची आम्ही पुढे थट्टा करत आलो, परंतु आता मला त्यात निराळे काही दिसते. ज्या वाहनावर कर असतो, ज्याला दिव्याची सक्ती असते आणि ज्याच्यासाठी पोलीस चौकात उभा राहतो, ते वाहन रस्त्याचे हक्काचे भाडेकरू असते. वडिलांना कुणी ‘सायकलप्रेमी’ म्हटले असते, तर त्यांना तो चेष्टेचा विषय वाटला असता. ते कामावर जात होते.

मी कॉलेजात गेले ते १९८२ मध्ये. लकडी पुलावरून डेक्कनकडे जाणाऱ्या मुलींचा घोळका सकाळी बघण्यासारखा असे, आणि बघणारेही असत. लेडीज सायकलने पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांच्या मुलींना घरात न विचारता वाट वाकडी करण्याची जी मुभा दिली, तिच्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहायला हवे. तो या लेखाचा विषय नाही. त्याच घोळक्यात एकेक लुना दिसू लागली होती. नगरच्या कायनेटिकची ही गाडी १९७२ मध्ये आली आणि तिची गंमत अशी, की तिला पायडल होते. पेट्रोल संपले तर ती सायकलसारखी मारत न्यायची. सायकल आणि स्कूटर यांच्यामधला तो पूल होता आणि अख्खे शहर एकेक करून त्याच्यावरून पलीकडे गेले. आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात सायकलने जाणारे कामगार तिथे चेतक बनवत आणि नंबर लागला की स्वतः चेतकवरून कामाला येत. यात कुणाचे काही चुकले, असे मला वाटत नाही. कात्रज ते आकुर्डी रोज पायडल मारणाऱ्याला स्कूटरचा मोह पडू नये, असे म्हणणारा माणूस कधी कात्रज ते आकुर्डी गेलेला नसतो. सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात आज कर्वेनगरात सायकलींचे एक सुरेख संग्रहालय आहे. मी तिथे गेले होते, आणि वडिलांच्या सायकलसारखी सायकल काचेपलीकडे नसली तरी दोरीपलीकडे पाहून क्षणभर कसेसे झाले.

गंमत म्हणजे वडिलांची पिढी सायकलवर होती तेव्हाच या देशात सायकल मार्ग कधी बांधावा, याचे नियम लिहून झाले होते. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने ते १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतला एक नियम मला इतका आवडतो, की तो मी पाठ केला आहे. रस्त्यावरून ताशी १०० ते २०० मोटारवाहने जात असतील, तर गर्दीच्या वेळी ताशी ४०० सायकली असल्यावर स्वतंत्र मार्ग करावा. परंतु मोटारवाहने ताशी २०० च्या वर गेली, तर सायकली ताशी १०० च असल्या तरीही स्वतंत्र मार्ग करणे योग्य ठरते. हिशेबाची दिशा पाहा. मोटारी वाढल्या की सायकलींची लागणारी संख्या कमी होते, कारण धोका वाढतो. आज आपण नेमका उलटा हिशेब मांडतो, की मोटारी इतक्या झाल्या आहेत, मग मूठभर सायकलींसाठी जागा कशाला अडवायची?

तेव्हा सही करण्यापूर्वी मोजावे, असे मी ठरवले. एका सकाळी सहा वाजता चहा घेऊन गॅलरीत बसले आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलींसाठी वहीत रेघा ओढू लागले. मोटारी आणि दुचाकी मोजण्याचा नाद मी पाच मिनिटांतच सोडला. पेपर टाकणारी मुले, दुधाच्या पिशव्या दोन्ही बाजूंना लटकवलेला एक जण, बांधकामावर निघालेले गवंडी आणि बिगारी, रात्रपाळी संपवून निघालेले सुरक्षारक्षक, एक इडलीवाला, शाळेच्या गणवेशातली तीन मुले, आणि चकचकीत कपड्यांतले, शिरस्त्राण घातलेले दोघे. साठाव्या रेघेला चहा गार झाला होता. या साठांतले सायकल मार्गावरून किती गेले, याचाही मी हिशेब ठेवला होता. एक. मागच्या चाकाला दोन छोटी चाके लावलेली सायकल चालवणारा पाच वर्षांचा मुलगा, आणि त्याच्यामागे चालणारे त्याचे आजोबा.

म्हणजे निवेदनातला ‘शून्य’ हा शब्द मार्गाबाबत जवळजवळ बरोबर होता आणि रस्त्याबाबत साफ चूक होता.

लोक तिथे का जात नाहीत, हे पाहायला मी तो मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलवरून पार केला, निदान करण्याचा प्रयत्न केला. खांबांतून आत शिरल्यावर लाल रंगाचे पेव्हर ब्लॉक लागतात. ते दर काही वर्षांनी केबलसाठी उखडून पुन्हा बसवले गेल्यामुळे त्यांवरून जाताना दातांचे पूल वाजतात. पन्नास पावलांवर पहिले फाटक येते, तिथे मार्ग मोटारीच्या सोयीसाठी खाली उतरतो आणि लगेच वर चढतो. अशी नऊ फाटके आहेत, म्हणजे सपाट रस्त्याला समांतर असा हा एक छोटा घाटरस्ताच झाला आहे. चौथ्या फाटकानंतर विजेची डीपी मध्यभागी उभी आहे. त्यानंतर एक जुने शिरीषाचे झाड आहे. ते तोडले नाही हे फार चांगले झाले, मात्र मार्ग त्याच्या दोन्ही अंगांनी वाहत्या पाण्यासारखा फाटून दीड-दीड फुटाचा होतो. मग वडापावची गाडी, जिच्यावरून मी स्वतः वडापाव घेते. मग कुणाच्या तरी घराच्या दुरुस्तीतला राडारोडा, पोत्यांत भरलेला आणि त्या पोत्यांवर उगवलेले गवत पाहता बराच जुना. मग बसथांबा, ज्याची शेड मार्गातच आहे आणि बसची वाट पाहणारे लोकही. शेवटी चौक येतो आणि मार्ग संपतो. संपतो म्हणजे उतार होऊन रस्त्याला मिळत नाही. तो अर्धा फूट उंचीवर तुटतो, एखादे वाक्य क्रियापद न येताच थांबावे तसा.

त्या अर्ध्या फुटाशी माझी ओळख जुनी आहे. चार वर्षांपूर्वी, सायकल नवी आणि उत्साह त्याहून नवा असताना, एका संध्याकाळी दिवे गेले होते आणि मी तिथून सरळ खाली आले. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. कशावरून पडलात, असे डॉक्टरांनी विचारल्यावर मी ‘सायकल मार्गावरून’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्यानंतर मी मुख्य रस्त्यावरून जाऊ लागले. मागून येणारी बस निदान भोंगा तरी वाजवते.

असे मार्ग का बांधले जातात, या प्रश्नाचे माझे उत्तर थोडे कडवट आहे. केंद्राचे नागरी वाहतूक धोरण २००६ मध्ये आले आणि त्यात वाहनांची नव्हे, माणसांची ने-आण महत्त्वाची, असे स्वच्छ म्हटलेले होते. त्याच सुमारास जवाहरलाल नेहरू पुनरुत्थान योजनेचा पैसा शहरांकडे येऊ लागला. पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर असा देशातला पहिलाच बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचा, प्रयोग सुरू केला आणि त्याच्या नकाशांत बसमार्गाच्या कडेला पदपथ आणि सायकल मार्ग आखलेले होते. नकाशात रेघ असली की निधी मिळतो, आणि निधी खर्च झाला की रेघेचे काम संपते, अशी यातली मेख असावी असे मला वाटते. त्यावरून रोज कुणी जाणार आहे, ही शक्यता हिशेबात धरलेलीच नसते. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा एकात्मिक सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना त्यात होती. त्या हिवाळ्यात औंधला आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या, ओफो या कंपनीच्या पिवळ्याधमक सायकली झाडाखाली ओळीने उभ्या असत, आणि मला खरोखर वाटले होते की चाक पुन्हा फिरले. वर्ष-दोन वर्षांत त्या कंपन्या एकामागून एक निघून गेल्या. मध्यंतरी, जानेवारी २०२६ मध्ये, पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत झाले आणि परदेशी सायकलपटू त्यांवरून वाऱ्यासारखे गेले. रस्ते सायकलसाठी करायचे म्हटले तर करता येतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

निवेदनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे सगळेच म्हणणे मी उडवून लावणार नाही. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार गेली तीस वर्षे मला ओळखतो. त्याचे म्हणणे असे, की गाडी लावायला जागा नाही म्हणून त्याची गिऱ्हाइके मॉलमध्ये गेली, आणि ज्या पट्ट्यावरून कुणीच जात नाही त्याच्यासाठी त्याने आपला धंदा का बुडवून घ्यावा? या प्रश्नाला ‘पर्यावरण’ हे उत्तर होत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना रुग्णवाहिकेतून न्यायचे होते तेव्हा गाडी फाटकात येईपर्यंत जी वीस मिनिटे गेली, ती त्यांच्या मुलाच्या डोळ्यांसमोरून हललेली नाहीत. रुग्णवाहिका मात्र अडली होती ती रस्त्याच्या दोन्ही कडांना फुकट उभ्या असलेल्या मोटारींमुळे, आणि त्यांपैकी एक आमची होती. आमच्या घरी दोन मोटारी आणि एक स्कूटर आहे, पार्किंगची जागा एक. दुसरी मोटार मुलगा रात्री बाहेर लावतो, आणि जागा कमी पडली की तिची डावी दोन चाके सायकल मार्गावर चढलेली असतात. हे मी सकाळी गॅलरीतून सायकली मोजतानाच पाहिले. त्याआधीही अनेकदा पाहिले असणार.

तेव्हा भांडण सायकलचे कमी आणि फुकट जागेचे जास्त आहे, अशी माझी खात्री होत चालली आहे. रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घ्यावेत, असे धोरण पुण्यात २०१८ मध्ये सभागृहापुढे आले तेव्हा इतका गदारोळ झाला, की मंजूर होईपर्यंत ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरते आकसले होते. दीडशे चौरस फुटांची खोली कुणाला पुण्यात फुकट मिळत नाही, पण जवळपास तेवढीच जागा मोटारीला फुकट मिळावी, हे आम्हाला आमच्या जन्मसिद्ध हक्कांपैकी वाटते.

आणखी एक गोष्ट मला बोचते. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल वाहतूक सुटावी म्हणून बांधला होता. वाहतूक सुटली नाही. दीडेक दशकात, २०२० च्या टाळेबंदीत, तो पाडला, आणि त्या जागी मेट्रोसह दुमजली उड्डाणपूल उभा राहिला. पहिला पूल फसला यावरून कुणीही असा निष्कर्ष काढला नाही, की पुणेकरांना मोटारी चालवायची आवड नाही, किंवा पुणे हे मोटारींचे शहर नव्हे. पूल चुकला होता, म्हणून दुसरा, मोठा पूल बांधला. सायकल मार्ग चुकला की मात्र चूक मार्गाची ठरत नाही, सायकलचीच ठरते.

माझी धाकटी बहीण टोरांटोला असते. लहानपणी ती माझ्या मागे कॅरियरवर बसायची आणि पोलीस दिसला की आपण होऊन टुणकन उडी मारायची. रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी तिला निवेदनाची हकीकत सांगितली, तर ती म्हणाली, “अगं ताई, कर सही. आमच्याकडेही तेच चाललंय.” तिच्याकडे जे चालले आहे ते मात्र निराळे आहे. ऑन्टारिओच्या प्रांतिक सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून टोरांटोतल्या ब्लोअर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन हमरस्त्यांवरचे सायकल मार्ग काढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. सायकलस्वारांची संघटना न्यायालयात गेली. ३० जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती पॉल शाबस यांनी निकाल दिला, की हे संरक्षित मार्ग काढल्याने माणसांच्या जिवाला धोका वाढतो आणि त्यामुळे कॅनडाच्या अधिकारसनदेतल्या जीविताच्या व सुरक्षिततेच्या हक्काचा भंग होतो. मार्ग काढल्याने कोंडी सुटेल, या सरकारच्या दाव्याला पुराव्याचा आधार नाही, असेही त्यांनी नोंदवले. सरकार अपिलात गेले.

बहिणीला हे सगळे माहीत आहे. तिचे दुःख साधे आहे. हिवाळ्यात ती ब्लोअरवर मोटारीत अडकून बसते आणि शेजारचा सायकलचा पट्टा तिला मोकळा दिसतो. मी तिला म्हटले, की पट्टा मोकळा दिसतो याचा अर्थ तो चालू आहे. त्यावरून गेलेले लोक पुढे निघून गेलेले असतात, तुझ्यासारखे तिथेच उभे नसतात. ती थोडी चिडली. “तू ये इथे जानेवारीत, मग बोलू,” असे म्हणून तिने विषय बदलला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले, की मला तिचा थोडा हेवा वाटत होता. तिथे काढण्याजोगे काहीतरी आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारे, बर्फ पडला तर नगरपालिका साफ करते असे, आणि ते काढायचे तर विधिमंडळात कायदा करावा लागतो, न्यायाधीशापुढे उत्तर द्यावे लागते. आमचा मार्ग काढायला कुणालाच काही करावे लागले नाही. तो फाटकाफाटकाने, डीपीने, राडारोड्याच्या पोत्यांनी आणि आमच्या मोटारीच्या डाव्या चाकांनी आपसूक निघून गेला. निवेदन म्हणजे मागाहून काढलेला मृत्यूचा दाखला.

आमच्या सोसायटीच्या रात्रपाळीच्या रखवालदारांना सगळे मामा म्हणतात. ते मूळचे परभणीकडचे. संध्याकाळी सातला येतात, सकाळी सातला जातात, आणि त्यांची काळी, दांडीची सायकल मीटरच्या खोलीशेजारी उभी असते. तिचा डायनॅमो कधीच गेलेला आहे, त्या जागी हँडलला जुन्या ट्यूबच्या पट्टीने एक बॅटरी बांधली आहे. चाके मात्र अशी पुसलेली, की आरे मोजून घ्यावेत. मुदतीचा दुसरा दिवस संपत आला तेव्हा मी खाली गेले आणि त्यांना विचारले, “मामा, तुम्ही रोज येता-जाता, पण त्या सायकल मार्गावरून का जात नाही?”

मामांनी फाटकापलीकडे त्या लाल पट्ट्याकडे पाहिले, जणू तो आज पहिल्यांदाच तिथे उगवला होता.

“ते सायकलवाल्यायसाठी हाय ना, काकू,” ते म्हणाले.

“मग ही काय आहे?”

“ही व्हय?” त्यांनी सीटवरून हात फिरवला. “ही आपली ड्युटीची हाय.”

मला हसू आले आणि लगेच ते आवरले. मामांच्या लेखी सायकलवाले म्हणजे रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला जाणारे, शिरस्त्राण आणि गॉगल घातलेले लोक. त्या लोकांविरुद्ध त्यांची काही तक्रार नव्हती. उलट त्यांच्यासाठी सरकारने वेगळा रस्ता केला आहे, याचे त्यांना थोडे कौतुकच होते. आणि मी विचार करू लागले, की निवेदन लिहिणाऱ्यांच्या मनातही सायकलवाले म्हणजे तेच आहेत, हौशी, आठवड्यातून एकदा निघणारे, ज्यांना नाही मिळाला रस्ता तरी बिघडत नाही. रोज चौदा-चौदा किलोमीटर येणारे मामा दोन्हीकडच्या गणतीत नाहीत. साठ रेघांमधल्या जेमतेम दोन रेघांना आम्ही सायकल म्हणत होतो, बाकीच्या नुसत्याच चालल्या होत्या.

मी सेक्रेटरींना सांगितले, की सही करते, परंतु मजकूर बदला: खांब काढा, चौकात उतार करा, डीपी हलवा, मार्ग पुढच्या बसडेपोपर्यंत सलग न्या, आणि त्यावर चढलेल्या मोटारींना, आमच्यासकट, दंड करा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “काकू, असं निवेदन द्यायचं तर त्यावर सह्या तुमच्या एकट्यांच्याच होतील.” मी म्हटले, दोन होतील. मुलाशी माझे त्याच रात्री बोलणे झाले होते. त्याने मोटार मागच्या गल्लीत लावायला सुरुवात केली आहे, कुरकुर करत. तिथे कुणाची तक्रार येईपर्यंत.

मूळ निवेदन फिरतेच आहे. परवा सकाळी साडेसहाला दारावरची बेल वाजली, तर मामा. हातात पुठ्ठ्याला चिमटा लावलेले ते कागद. ज्यांच्या सह्या राहिल्या आहेत त्यांच्याकडून ड्युटी संपण्याआधी घेऊन या, असे त्यांना सांगितले होते. माझा रकाना पुढे करून त्यांनी खिशातले पेन काढले. मी त्यांना विचारले, यात काय लिहिले आहे ते वाचलेत का? ते म्हणाले, “ते पार्किंगचं हाय म्हणं.”

“तुम्ही केलीत का सही?”

“मी कुठं मेंबर हाय, काकू.”

मी कागद तसाच परत दिला. त्यांनी तो चिमट्यात नीट बसवला, शेजारच्या दाराची बेल वाजवली. सात वाजून गेल्यावर मी गॅलरीत आले, तेव्हा ते खाली फाटकाबाहेर सायकलवर टांग मारत होते. लाल मार्गावर बसची वाट पाहणारे उभे होते. मामांनी मान मागे वळवून एकदा पाहिले, डाव्या हाताने मागच्या बसला थांबण्याची खूण केली आणि डांबरी रस्त्याच्या कडेकडेने पायडल मारू लागले. बसने भोंगा दिला.